घरी बनवलेली रिमोटची अॅम्बेसेडर

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी मोठमोठी माणसे बोलून जातात. संतसाहित्य, शिवचरित्र, आयुर्वेद असे विषय असतात. यंदा कार्यकारिणीने एका दिवसाचे भाषण सभासदांच्या छंदासाठी ठेवले आणि माझे नाव घातले. मी नागपूरच्या शासकीय तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेला साधा माणूस. बोलण्यापेक्षा पाना फिरवणे मला सोपे जाते. म्हणून बोलण्याचा विषयच सोबत घेऊन आलो आहे. टेबलावर ठेवलेली ही पांढरी अॅम्बेसेडर. आमच्या घराच्या मागच्या व्हरांड्यात सव्वादोन वर्षांत तयार झाली. हिला आतून कोणी चालवत नाही, हातातल्या रेडिओवर चालते.

मुलांना वाटते की ही मोठी खेळण्यातली गाडी आहे. म्हणून आधी माप सांगतो. खऱ्या अॅम्बेसेडरची लांबी ४३२५ मिलिमीटर आणि पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २४६४ मिलिमीटर. ही तिच्या बरोबर चौथ्या हिश्श्याची, म्हणजे १०८ सेंटिमीटर लांब आणि साडेएकेचाळीस सेंटिमीटर रुंद. आता एक गंमत बघा. लांबी चौथा हिस्सा झाली तर वजन चौथा हिस्सा होत नाही. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही चौथ्या हिश्श्याने कमी होतात, म्हणून वजन चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे चौसष्टावा हिस्सा. खरी गाडी सुमारे अकराशे किलोची, तर ही सतरा किलोची यायला हवी. आमची अठरा किलो भरली. एक किलो जास्त झाला तो माझ्या वेल्डिंगचा, असे आमच्या सौ. म्हणतात.

अॅम्बेसेडरच का, असे पुष्कळांनी विचारले. हिंदुस्थान मोटर्सने उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ साली ती बनवणे थांबवले. आपल्या पिढीने सरकारी गाडी म्हटले की हीच पाहिली. शिवाय तिचे गोल गोल अंग पत्र्यात ठोकणे महाकठीण असले तरी मातीत ते सहज येते. दुर्गजवळचे थनौद गाव तुम्हाला माहीत आहेच, आपल्या भागातल्या कितीतरी मंडळांचे बाप्पा तिथूनच येतात. तिथल्या एका मूर्तिकारांकडे मी चार रविवार जाऊन बसलो. पेंढ्याचा गाभा, त्यावर माती, तडे जाऊ नयेत म्हणून ओले फडके, ही सगळी रीत त्यांनी दाखवली. मातीची गाडी वाळल्यावर तिच्यावर वॉर्निश आणि मेण लावले, त्यावर फायबरचे कापड आणि रेझिन चढवले आणि शेवटी आतली माती फोडून काढली. दोन मिलिमीटर जाडीचे कवच हाती आले. मूर्तिकार बघायला आले तेव्हा म्हणाले, डोळे छान आले आहेत. ते हेडलाइटांबद्दल बोलत होते.

बाजारात अशा मोठ्या मापाच्या तयार गाड्या मिळतात. एक पंचमांश मापाच्या परदेशी गाड्यांत साधारण २३ ते ३० सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन असते. किंमत ऐकून मी तो नाद सोडला. आपल्याकडे तसले इंजिन दुसऱ्याच रूपात मिळते. शेतकरी पाठीला अडकवून गवत कापतात ते ब्रश कटर सर्वांनी पाहिले असेल. त्यात तेच हलके टू-स्ट्रोक इंजिन असते आणि वर सेंट्रिफ्युगल क्लचही बसवलेला असतो. इंजिन मंद फिरत असेल तेव्हा क्लच सुटलेला राहतो, वेग वाढला की आतल्या पट्ट्या बाहेर फेकल्या जाऊन ड्रमला धरतात. लुना चालवलेल्या मंडळींना हे वेगळे सांगायला नको. एक बंद पडलेला ब्रश कटर मला भंगारात मिळाला. पिस्टनची रिंग आणि कार्बोरेटरचा पडदा बदलल्यावर तो चालू झाला.

इंजिन सात हजार फेऱ्यांनी फिरते. चाक सोळा सेंटिमीटर व्यासाचे, एका फेरीत अर्धा मीटर जाणारे. इंजिन थेट चाकाला जोडले तर गाडी तासाला दोनशे किलोमीटरच्या वर जाईल, निदान कागदावर. प्रत्यक्षात ती जागची हलणारच नाही, कारण तेवढा जोर इंजिनात नाही. म्हणून चेनच्या दोन टप्प्यांत वेग कमी केला. पहिल्या टप्प्यात दहा दात आणि पंचवीस दात, दुसऱ्यात दहा आणि तीस. अडीच गुणिले तीन, म्हणजे साडेसातपट. चाक मिनिटाला ९३३ फेरे घेते आणि गाडीचा कमाल वेग तासाला सुमारे अठ्ठावीस किलोमीटर होतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता वळणाची गोष्ट. आम्हा रेल्वेवाल्यांना तिची सवय नसते. आमच्या गाडीची दोन्ही चाके एका धुरीवर पक्की ठोकलेली, दोन्हींना सारखेच फिरावे लागते. वळणावर बाहेरच्या रुळाची वाट लांब असते, तरी काम चालते, कारण चाकाचा घेर शंकूसारखा किंचित उतरता असतो. वळणावर धुरी बाहेरच्या बाजूला सरकते, बाहेरचे चाक मोठ्या घेरावर चालते आणि आतले लहान घेरावर. इतकी सुंदर युक्ती रस्त्यावरच्या गाडीला मिळत नाही, तिला डिफरन्शियल लावावे लागते. या मापाचे डिफरन्शियल बनवायचे तर बेव्हल गिअर कापून घ्यावे लागले असते. सुपेल्यात एका सायकल मिस्त्रीजवळ मी हे रडगाणे गात होतो. त्यांनी काही न बोलता डब्यातून दोन जुने फ्रीव्हील काढून माझ्या हातावर ठेवले.

पायडल थांबवले तरी सायकलचे चाक पुढे फिरत राहते ते या फ्रीव्हीलमुळे. मागच्या दोन्ही चाकांना एकेक फ्रीव्हील लावले. सरळ रस्त्यावर दोन्ही चाके ओढतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरायचे असते, ते आपले सुटून पुढे फिरते आणि आतले चाक गाडी ओढते. डिफरन्शियलचे काम शंभर रुपयांत झाले. फक्त दोन्ही फ्रीव्हीलची तोंडे एकाच दिशेला हवीत. एक उलटे बसले तर ते चाक गाडी ओढणारच नाही. आणि एक किंमत मोजावी लागते. इंजिन मंद केले तरी चाके मोकळी धावतच राहतात, इंजिनाचा अटकाव चाकांपर्यंत पोचत नाही. म्हणून ब्रेक थेट चाकांवरच लावावा लागतो. मुलांच्या सायकलला मागे पट्टीचा ब्रेक असतो, तसे दोन बसवले.

पुढच्या चाकांचे वळण सर्वोद्वारे होते. रेडिओचा रिसीव्हर सर्वोला सेकंदाला पन्नास वेळा एक छोटा ठोका पाठवतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असेल तर चाके सरळ, एकचा असेल तर एका टोकाला, दोनचा असेल तर दुसऱ्या टोकाला. वळताना दोन्ही चाके सारखी वळली तर एक घासत जाते. आतले चाक तीस अंश वळले तर आमच्या मापात बाहेरचे सुमारे चोवीस अंशच वळायला हवे. दोन्ही स्टिअरिंग आर्म मागच्या धुरीच्या मध्याकडे रोखून धरले की हे जवळजवळ आपोआप जमते. लंडनच्या अॅकरमनने याचे पेटंट १८१८ साली घेतले, तेही घोडागाडीसाठी.

रेडिओने दूरची वस्तू हलवणे हेही नवीन नाही. कलकत्त्याला आपल्या जगदीशचंद्र बोसांनी १८९५ साली अदृश्य लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीची दारू पेटवली. टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कला पाण्याच्या टाकीत बिनतारेची छोटी होडी चालवली. आज २.४ गिगाहर्ट्झचा तयार संच बाजारात मिळतो, आणि या पट्ट्यात कमी शक्तीच्या उपकरणाला आपल्या देशात २००५ पासून परवाना लागत नाही. ही गाडी बनवताना सगळ्यात कमी वेळ मी रेडिओवर घालवला, हे खरे आहे. रेडिओ नसला तर काय, या प्रश्नावर मात्र वर्षातले सात महिने गेले.

कारण असे झाले. गाडी अजून विटांवर होती, मागची चाके अधांतरी. इंजिन चालू करून अर्धा थ्रॉटल दिला आणि मुलीला म्हटले, आता हातातला रेडिओ बंद कर. तिने बटण दाबले. इंजिन होते त्याच वेगाने ओरडत राहिले. चाके फिरतच होती. ती माझ्याकडे आणि मी गाडीकडे बघत राहिलो. मग मी हाताने स्विच बंद केला. माहितीपुस्तक उघडले तर त्यात लिहिलेलेच होते, संदेश तुटला की हा रिसीव्हर शेवटचा हुकूम धरून ठेवतो. विमानाच्या छंदात क्षणभर संदेश हुकला तर याचा उपयोगही होत असेल. जमिनीवरच्या अठरा किलोच्या गाडीत नाही.

आता तो अठ्ठावीसचा आकडा काढा. तासाला अठ्ठावीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला पावणेआठ मीटर. एखादी वस्तू तीन मीटर उंचीवरून सोडली तर खाली पोचताना तिचा वेग एवढाच असतो. म्हणजे ही गाडी भरधाव येऊन पोराच्या पायावर आदळणे आणि अठरा किलोचे पोते पहिल्या मजल्याच्या गच्चीतून पडणे, दोन्ही एकच. त्या पोत्याला आपण खेळणे म्हणणार नाही.

रेल्वेत या प्रश्नाचे उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच दिले गेले आहे, आणि मला ते रोज हाताखाली दिसते. वेस्टिंगहाउसने १८६९ साली पहिला हवेचा ब्रेक काढला, त्यात इंजिनातून हवा सोडली की डब्यांना ब्रेक लागे. काम उत्तम. पण पाइप फुटला, गाडी मधून तुटली, तर हवा पोचणारच नाही आणि सुटलेल्या डब्यांना ब्रेकही लागणार नाही. तीन वर्षांनी, १८७२ साली, त्याने सगळे उलटे केले. आता पाइपात हवेचा दाब आहे तोवर ब्रेक सुटलेला, दाब गेला की ब्रेक लागलेला. आजही आपल्या गाड्यांच्या ब्रेक पाइपात पाच किलोचा दाब धरलेला असतो. गाडी तुटली तर पाइप तुटतो, हवा निघून जाते आणि दोन्ही तुकडे आपापले थांबतात. कोणी हुकूम देण्याची गरज राहत नाही. जुन्या सिग्नलची तार तुटली तर हातही वजनाने आपोआप धोक्याच्या जागी जाई. चालकाने सुमारे मिनिटभर काहीच हालचाल केली नाही तर इंजिन आधी त्याला हाक मारते आणि मग स्वतःच ब्रेक लावते. आपल्या भिलाईच्या डी केबिनपासून कोरब्यापर्यंत २२ जानेवारी २०२१ रोजी पाच रिकाम्या मालगाड्या एकत्र जोडून साडेतीन किलोमीटर लांबीची ‘वासुकी’ धावली, ते तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. लांब गाड्यांत पुढच्या चालकाचा हुकूम मधल्या इंजिनाला बिनतारी देण्याची व्यवस्थाही रेल्वेकडे आहे. पण तिथेही ब्रेकचा पाइप टोकापासून टोकापर्यंत असतोच. नुसत्या रेडिओवर विसंबून एवढे वजन कोणी सोडत नाही.

तेच मी इथे केले. उजव्या बाजूने खाली वाकून पाहा, मागच्या चाकांच्या मध्ये एक जाड स्प्रिंग दिसेल. ती दोन्ही ब्रेक सतत ओढून धरते. म्हणजे ही गाडी मुळात थांबलेली गाडी आहे. स्प्रिंगला मागे खेचून एका विद्युतचुंबकाला चिकटवले की ब्रेक सुटतो. हा चुंबक ऑफिसच्या दारांना लावतात तोच, सीसीटीव्हीच्या दुकानात मिळणारा. वीज आहे तोवर तो धरतो. रेडिओ तुटला, बॅटरी संपली, वायर निघाली, काहीही झाले की चुंबक सोडतो आणि स्प्रिंग आपले काम करते. रिसीव्हर बदलून असा घेतला की संदेश गेल्यावर काय करायचे ते त्याला आधी शिकवून ठेवता येते.

इंजिन बंद करण्याचीही एक मेख आहे. अशा इंजिनाचा स्विच दाबला की इग्निशनची वायर बॉडीला टेकते आणि ठिणगी थांबते. म्हणजे थांबवायला जोडणी करावी लागते. म्हणून रिले असा घेतला की वीज असताना त्याची टोके उघडी राहतात आणि वीज गेली की आपोआप जुळतात. शिवाय थ्रॉटलला परत आणणारी वेगळी स्प्रिंग आहे, तिने इंजिन मंदावले की क्लच सुटतो. तिघांपैकी एकाने दगा दिला तरी दोघे उरतात. चुंबकाने एकदा सोडले की तो रेडिओवरून परत चिकटत नाही. चालत गाडीजवळ जावे लागते आणि हाताने स्प्रिंग ओढावी लागते. हे मुद्दाम ठेवले आहे. का थांबली ते बघितल्याशिवाय ती पुन्हा सुटू नये.

ठिणगीचा रेडिओला त्रास होतो, तेही सांगून ठेवतो. प्लगची टोपी रेझिस्टरवाली घ्यावी आणि रिसीव्हर इंजिनापासून जमेल तितका लांब ठेवावा. आमचा डिक्कीत आहे.

मग मोजमाप. वसाहतीमागच्या मैदानात सकाळी सहाला, दोरी बांधून, आम्ही दोघे बापलेक. तासाला वीस किलोमीटरच्या वेगात तिने रेडिओ बंद करायचा आणि मी टेपने अंतर मोजायचे. असे पन्नास वेळा केले. वही तिच्याजवळ आहे. पन्नासही वेळा गाडी थांबली, साधारण बारा मीटरमध्ये. तिनेच हिशेब करून दाखवले की त्यातले जवळजवळ निम्मे अंतर ब्रेक लागण्याच्या आधीचे आहे. संदेश खरेच तुटला की नुसता अडखळला हे ठरवायला रिसीव्हर साधारण सेकंदभर घेतो, आणि त्या सेकंदात गाडी साडेपाच मीटर जाते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, ब्रेक चांगला हवा. वही म्हणते, वाट पाहणे कमी करायला हवे. आता तिचे त्यावर काम चालू आहे. ती दहावीला आहे. या गावात दहावीच्या मुलीला कोचिंगऐवजी मैदानात नेणाऱ्या बापाकडे लोक कसे बघतात, ते मी सांगायला नको. शेजारच्या काकांनी तर मला बाजूला घेऊन समजावले. कोचिंग बंद नाही, काका, ते संध्याकाळी असते.

आता सांगली जिल्ह्यातली एक गोष्ट. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून खरीखुरी, माणसे बसतील अशी छोटी चारचाकी बनवली, दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी. खर्च सुमारे साठ हजार. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचे कौतुक केले आणि जानेवारी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली. ती नियमात बसत नाही, रस्त्यावर चालू देणार नाहीत, हेही महिंद्रांनी तेव्हाच म्हटले होते. लोहारांचे हात माझ्यापेक्षा कितीतरी मोठे. पण त्यांच्या गाडीत चालवणारा स्वतः बसलेला असतो. समोर मूल आले तर ते त्याच्याही नाकासमोर येते. माझा चालवणारा पन्नास मीटरवर सावलीत उभा असतो, त्याच्या अंगाला काही लागणार नसते. त्याच्या हातातल्या गाडीवर म्हणून जास्तच बंधन हवे, असे मला वाटते.

हे एवढे विस्ताराने सांगण्याला कारण आहे. गेल्या वर्षी मंडळातल्या पोट्ट्यांनी आग्रह धरला होता की विसर्जनाच्या मिरवणुकीत पुढे ही गाडी चालवायची आणि तिच्यावर छोटी मूर्ती ठेवायची. कल्पना सुरेख होती. मी नाही म्हटले. काहींना राग आला, एकदोघे महिनाभर नीट बोलले नाहीत. तेव्हा घाईत कारण सांगता आले नाही, ते आज सांगितले. मिरवणुकीत पहिल्या रांगेपासून गाडीपर्यंत तीन मीटरही नसतात. आमच्या वहीत बारा लिहिलेले आहेत. त्यात प्रत्येकाच्या खिशात मोबाइल, वर ढोल, खाली पाण्याने निसरडा रस्ता. वहीतला आकडा तीनच्या आत आला तर मी स्वतः अध्यक्षांकडे अर्ज घेऊन येईन. अठ्ठावीसच्या जागी चालण्याइतका वेग ठेवला तर तो येईलही. त्यासाठी गिअरचा तिसरा टप्पा लागेल आणि गाडीत त्याला जागा करावी लागेल. ज्या पोट्ट्यांना राग आला होता त्यांनी रविवारी सकाळी मैदानावर यावे, टेप धरायला माणसे हवीच आहेत. येताना बूट घालून या, चपला नकोत.

भाषण संपल्यावर ज्यांना गाडी जवळून बघायची आहे त्यांनी पुढे यावे. टाकीत पेट्रोल नाही आणि बॅटरी काढून ठेवली आहे. मुलांनी चाक हाताने फिरवून बघावे, फिरणार नाही. मग ती स्प्रिंग ओढून धरावी आणि पुन्हा फिरवून बघावे. जरा जोर लागतो, दोघांनी मिळून ओढा.